फोनवर वन्सं आहेत

"ऋजुता, एक दिवस माणूस नसेल आणि फोन मात्र उचलला जाईल. तेव्हा काय करशील?"

मंजिरी वन्संनी हे विचारलं ते बारशाच्या दिवशी, स्वयंपाकघरात, घुगऱ्यांच्या पातेल्याशी उभं राहून. ऋजुताने ते हसून उडवून लावलं. बारा दिवसांची बाळंतीण ती, झोपेने डोळे जड झालेले. "वन्सं, तुमचं कोर्ट कोर्टात ठेवा बघू. माझ्या आईचे दिवसाला चार फोन येतात. त्यातला एखादा हुबेहूब ॲपने घेतला तर काय बिघडलं?"

"बिघडत काही नाही गं. सवय लागते."

वन्सं म्हणजे ऋजुताच्या नवऱ्याची, ओजसची थोरली बहीण. अंबाजोगाईला वकिली करायच्या आणि एकट्याच राहायच्या. आवाज असा की फोनवर बोलल्या तरी शेजारच्या घरात ऐकू जावं. ठाण्यावर नेलेला माणूस परतला नाही की त्याच्या घरचे वन्संच्या ओट्यावर येऊन बसायचे, आणि वन्सं हातातला घास तसाच ठेवून निघायच्या. नणंदेला शोभतील असे टोमणेही मारायच्या. ऋजुताच्या वरणाला त्या 'नाशिकचं गढूळ पाणी' म्हणायच्या. पण बाळंतपणानंतर सुनेने नोकरीवर परत जावं म्हणून आईशी भांडल्या त्याही वन्संच.

त्याच सकाळी त्यांनी पाळण्यात वाकून भाचीच्या कानात नाव सांगितलं होतं. बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले, 'कुर्र' केलं आणि त्या गलक्यात कुणालाच काही ऐकू आलं नाही. मग नाव जाहीर झालं: रेवा. आता स्वयंपाकघरात वन्सं ऋजुताच्या कानाशी आल्या.

"खरं सांगू? मी रेवा म्हटलं आणि वर म्हटलं, तोंडाळ हो. आईला सांगू नकोस. जन्मभर मलाच तोंडाळ म्हणत आली ती. तिला वाटेल नातीला शाप दिला."

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. ऋजुताचा फोन तेव्हा आतल्या खोलीत चार्जिंगला होता.

*

हुबेहूबचं तत्त्व साधं. माणूस वर्षानुवर्षं फोनवर बोलतो, लिहितो, व्हिडिओवर दिसतो. यंत्र ते सगळं वाचतं आणि एकच गोष्ट शिकतं: या प्रश्नावर, या माणसापाशी, हा माणूस बहुधा काय म्हणेल. बहुधा म्हणेल तेच ते म्हणतं, त्याच आवाजात, त्याच चेहऱ्याने. आपण स्वतःला समजतो तेवढे अनपेक्षित नसतो. आपली बहुतेक वाक्यं आपण आधी कधीतरी बोललेलो असतो.

जिथे यंत्राला माहिती नसते तिथेही ते अडत नाही. सगळ्यांत संभवनीय उत्तराने ती जागा भरून टाकतं. सुरुवातीला ते 'मला आठवत नाही' म्हणायचं. गिऱ्हाइकांना ते आवडेना, म्हणून कंपनीने काढून टाकलं. आणखी एक गोष्ट त्याला शिकवली: समोरच्याला फोन ठेवताना बरं वाटलं पाहिजे. कायद्याने फक्त एक बंधन घातलं. यंत्र बोलत असेल तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका दिसला पाहिजे. ठिपका नाही, म्हणजे माणूस खरं.

लोकांनी त्याचं 'हुब्या' केलं. "मीटिंगमध्ये आहे, माझा हुब्या बोलेल." ऋजुताचा हुब्या तिच्या आईशी बोलायचा. आई म्हणायची, "तुझ्यापेक्षा तो बरा. निदान जांभया तरी देत नाही."

*

रेवा वर्षाची झाली, दात येऊ लागले. ऋजुता 'पारख'मध्ये घरूनच काम करत होती. पारखचं काम म्हणजे लोकांत फिरणाऱ्या दाव्यांची तपासणी. शेवटी शिक्का मारायचा: खरं, खोटं किंवा दिशाभूल. हा नुसता शेरा नव्हता. 'खोटं' पडलं की तो मजकूर देशातल्या प्रत्येक फोनवरून आपोआप पुसला जायचा आणि तो बनवणाऱ्याचं खातं कायमचं बंद व्हायचं. त्यामुळे ऋजुता फार जपून शिक्का मारायची. रेवाला पाजायच्या आधी दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघावा, तसा प्रत्येक पुरावा चटका लागतो का ते बघायची.

त्या आठवड्यात तिच्याकडे सुगत ओव्हाळचा व्हिडिओ आला. परभणीला संख्याशास्त्र शिकणारा मुलगा, मोटारसायकलला टेकून उभा. मागे एक बंद दार.

"नागरी स्वातंत्र्य वाढलं असं सरकारचा निर्देशांक सांगतो. मी सांगतो, घसरलंय. बोलणारी माणसं नाहीशी होतायत. मी त्यांच्या घरी जाऊन आलोय. सगळीकडे कुलपं आहेत."

मग त्याने नावं घेतली. शिक्षक, एक डॉक्टर, दोन पत्रकार. आणि ॲडव्होकेट मंजिरी हिंगे, अंबाजोगाई.

ऋजुताने व्हिडिओ थांबवला आणि हाक मारली, "आई, ऐकलंत का? वन्संना पळवलंय म्हणे कुणी."

सासूबाई बाहेरच्या खोलीत मुलीशीच बोलत होत्या. तिथूनच हसल्या. "मंजू, बघ गं, तुझं अपहरण झालंय!"

"कोण नेणार मला? दोन दिवसांत परत आणून सोडतील," फोनमधून वन्संचा आवाज आला.

सगळे हसले. ऋजुताही.

निर्देशांक तिने तपासला. सरकारवर जाहीर टीका किती होते, ती कोण करतं आणि टीकेनंतर ती माणसं बोलत राहतात का, यावर तो आकडा बसवलेला होता. आकडा खरोखरच वर गेला होता. सुगतने ज्यांची नावं घेतली ती माणसंसुद्धा रोज काही ना काही लिहीत होती: रस्त्यातले खड्डे, उशिरा येणारं पाणी, महागलेलं तेल. तिने एकेकाला फोन लावला. सगळ्यांनी उचलला. कुणाच्याच कोपऱ्यात पिवळा ठिपका नव्हता. पारखच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाला त्यालाच माहीत असतील असे तीन प्रश्न विचारायचे. सगळ्यांची उत्तरं बरोबर.

शेवटी तिने सुगतला फोन केला. तो कुठल्याशा टपरीवर होता, तोंडात भजी.

"तुम्ही यांना फोन केले होते का?"

"फोन सगळे उचलतात मॅडम. म्हणून तर घरी गेलो."

"दाराला कुलूप हा पुरावा होत नाही. माणसं गावाला जातात."

"सगळीच? एकदम? बरं, यातल्या एकाला तरी तुम्ही भेटून या. भेटले तर माझा व्हिडिओ मीच काढून टाकतो."

"आमच्या पद्धतीत भेट बसत नाही, सुगत. भेटीची नोंद राहत नाही. लाइव्ह कॉल लागतो."

तो घास गिळून हसला. "म्हणजे डोळ्यांनी बघितलेलं कच्चं आणि फोनवर बघितलेलं पक्कं. शिकलेल्या माणसांचं काही कळत नाही बुवा."

ऋजुताला राग आला. फोन ठेवून तिने मसुद्यात लिहिलं: निकाल, खोटं. संध्याकाळी बोर्डे सर, म्हणजे तिचे संपादक, सही करतील आणि विषय संपेल.

*

दुपारी रेवाने घर डोक्यावर घेतलं. चमचा हवा म्हणून ओरडली, मिळाला तर नको म्हणून ओरडली. तेवढ्यात वन्संचा फोन आला. ऋजुताने कॅमेरा पोरीकडे वळवला. "बघा तुमची भाची! अख्ख्या सोसायटीला ऐकू जातंय."

बोलताना ती गालातल्या गालात हसत होती. आता वन्सं टाळी वाजवणार, माझाच गुण म्हणणार, हे तिने मनात धरलं होतं.

"लहान मुलं ओरडतातच गं," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "दातांचा त्रास असेल. डॉक्टरांना दाखव एकदा. आणि तूही आराम कर."

ऋजुताचं हसू तोंडावरच राहिलं. तिला आठवेना, वन्संनी तिला शेवटचा टोमणा कधी मारला होता? सासूबाई परवाच म्हणाल्या होत्या, "मंजू हल्ली किती समजूतदार झालीय. कधी नव्हे ते ऐकून घेते माझं."

"वन्सं," तिने विचारलं, "बारशाला रेवाच्या कानात काय सांगितलं होतंत?"

"काय म्हणजे? रेवा! नाव आत्यानेच सांगायचं ना?"

"आणि नंतर मला? स्वयंपाकघरात?"

"अगं, तब्येतीला जप म्हटलं. ओली बाळंतीण होतीस, उभी काय राहिली होतीस घुगऱ्या ढवळत!"

तेच हसू. डाव्या दातावर जीभ फिरवण्याची तीच लकब. घुगऱ्या बरोबर होत्या, बारशाच्या फोटोंत त्या होत्याच. ऋजुताने रेवाला इतकं घट्ट धरलं की ती पुन्हा रडू लागली.

ओजसने ऐकलं आणि वैतागला. "वर्ष झालं त्याला. आठवत नसेल. मला तर काल काय खाल्लं ते आठवत नाही."

"मग 'आठवत नाही' म्हणाल्या असत्या ना. ओजस, माणूस आठवत नाही म्हणतं."

 तो गाडीची किल्ली शोधू लागला. ऋजुताने बोर्डे सरांना कळवलं की एक पुरावा राहिलाय, एक दिवस हवा.

*

रातोरात गाडी चालवून ओजस दुसऱ्या दिवशी सकाळीच अंबाजोगाईला पोचला. त्याने व्हिडिओ कॉल लावला. नाशिकला ऋजुता रेवाला कडेवर घेऊन उभी होती. सासूबाई पलंगावर बसून बघत होत्या.

दाराला कुलूप होतं. ओट्यावरच्या कुंड्या मात्र हिरव्यागार. शेजारच्या लोमटे काकू पाण्याची झारी घेऊन आल्या.

"ताई नाहीत होय? मोठी केस आहे त्यांची संभाजीनगरला. झाडांना पाणी घाला म्हणाल्या, घालते मी."

"काकू, तुम्ही तिला शेवटचं कधी बघितलं?"

"रोज बघते की!" काकूंनी कमरेचा फोन काढून दाखवला. "सकाळीच बोललो."

ओजस वळून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला आणि काचेला कपाळ टेकलं. ऋजुताने सासूबाईंचा फोन घेतला, दोन्ही फोनवर चित्रण सुरू केलं आणि सासूबाईंच्या फोनवरून वन्संना लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"वन्सं, कुठे आहात?"

"घरीच गं. केस तहकूब झाली. चहा टाकलाय."

त्यांच्या मागे तेच स्वयंपाकघर, तोच निळा डबा, गॅसवर भांडं, वाफ. दुसऱ्या फोनवर ओजसचा आवाज आला, बारीक. "गॅसवर काही नाहीये. ओट्यावर बोटभर धूळ आहे."

ऋजुता म्हणाली, "वन्सं, दार उघडा ना. ओजस आलाय बाहेर."

"अगंबाई! आधी नाही का सांगायचं?" वन्सं पदराला हात पुसत उठल्या, पडद्याबाहेर गेल्या. कडी काढल्याचा आवाज झाला. दुसऱ्या पडद्यावर ओजस कुलपासमोर उभा होता. दार तसूभरही हललं नाही. वन्सं परत आल्या, खुर्चीवर बसल्या, हसल्या.

"कुणी नाही गं. गंमत करतेस होय माझी?"

ऋजुता फोन ठेवणार तोच सासूबाईंनी तो तिच्या हातातून घेतला. त्यांनी सगळं पाहिलं होतं. तरी त्यांचा आवाज रोजचाच होता.

"मंजू, काही खाल्लंस का?"

"खाल्लं गं आई. तू गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या." मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "बंद करायला सांगू नकोस. बंद केलं तर मला ऐकायला काय उरलं?"

*

ओजस तिथल्या ठाण्यावर गेला. हवालदाराने सगळं नीट ऐकून घेतलं, मंजिरी हिंगे यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्या बोलल्या. लहान भाऊ जरा हळवा आहे म्हणाल्या. "तक्रार कशाची लिहू, साहेब?" हवालदाराने विचारलं. ओजस उठून गाडीकडे गेला.

ऋजुताने बोर्डे सरांना दोन्ही पडद्यांचं चित्रण दाखवलं. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"एक घर आहे हे. आणि तुझी नणंद. नियमाने तू ही तपासणी सोडायला हवीस."

"सर, बाकीची घरं सुगतने पाहिलीत. ठिपका काढता येतो, हे सिद्ध होतंय ना? मग आजवर आपण कॉलवर पारखलेली सगळी माणसं…"

"थांब." त्यांनी हात वर केला. "तू काय म्हणतेयस ते मला कळतंय. म्हणूनच थांब म्हणतोय. गेली दोन वर्षं आपण शिक्के मारलेत, ऋजुता. किती माणसं बरी आहेत म्हणून आपण लिहून दिलं?"

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मागे ऑफिसची भिंत, पाण्याचा पिंप. ते खरंच तिथे बसलेत का, हे तिला आता सांगता आलं नसतं. तिची नजर आपोआप कोपऱ्यात ठिपका शोधत गेली, त्याला आता अर्थ नाही हे कळत असूनही.

"संध्याकाळपर्यंत निकाल टाक," सर म्हणाले. "सही करणारा मी आहे. काय टाकतेस ते मी वाचणार नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

निर्देशांक वर का जात होता, तेही आता तिच्या लक्षात आलं. नेलेली माणसं खड्ड्यांबद्दल लिहीत राहिली होती. त्यांच्यामागची यंत्रं कधी थकत नव्हती, घाबरत नव्हती, आणि महत्त्वाचं काही विचारतही नव्हती. जितकी माणसं कमी, तितकी कुरकुर नियमित. आकडा खोटा नव्हता. मोजायला माणूसच उरलं नव्हतं.

चारच्या सुमाराला सुगतचा फोन आला. इस्त्रीचा शर्ट, मागे पुस्तकांचं कपाट.

"मॅडम, माझं चुकलं. घाईत व्हिडिओ केला मी. सगळी माणसं ठीक आहेत. तुम्ही 'खोटं' लिहून टाका, माझी काही हरकत नाही."

"सुगत, कुठे आहेस तू?"

"परभणीलाच, खोलीवर. तुमचा वेळ घेतला, माफ करा."

ऋजुता त्याच्याकडे बघत राहिली. कदाचित तो खरोखरच घाबरून माघार घेत असेल. मुलं घाबरतात. तिने प्रश्न शोधला. एखादा असा, ज्याचं उत्तर फक्त त्यालाच माहीत असेल आणि तिलाही. नव्हता. या मुलाला ती कधी भेटली नव्हती. त्याच्याशी जे काही बोलणं झालं ते याच फोनवर, यंत्राच्या कानादेखत.

"काल काय खात होतास?" तिने तरी विचारलं.

"भजी," तो हसून म्हणाला. "तुम्ही रागावला होतात."

*

दिवेलागणीला ओजस परतला आणि चपला न काढताच समोर उभा राहिला.

"लिहू नकोस."

"तुझी बहीण आहे ती."

"म्हणूनच सांगतोय. तिला कधी नेलं याचाही आपल्याला पत्ता नाही. तुला नेलं तर? रेवा तुझ्या हुब्याशी बोलत मोठी होईल. तिला फरकही कळणार नाही."

ऋजुताने रेवाकडे पाहिलं. ती खुर्चीला धरून उभी होती, पाय लटपटत होते, आणि कुणीही लक्ष देत नाही म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होती. आत सासूबाईंच्या खोलीतून फोनचं पुटपुटणं येत होतं, समजूतदार आणि गोड.

"फरक कळणार नाही, तेच तर," ती म्हणाली. आणि बसली.

 ओजसने पोरीला उचललं आणि ऋजुताच्या मागे येऊन उभा राहिला. ती लिहीत असताना वाचत राहिला, शेवटपर्यंत.

"दावा: देशातलं नागरी स्वातंत्र्य घसरलं आहे.

निकाल: खरं.

दोन चित्रणं सोबत जोडली आहेत. एकात ॲड. मंजिरी हिंगे दार उघडायला उठतात आणि कडी काढल्याचा आवाज येतो. दुसऱ्यात तेच दार, त्याच क्षणी, बाहेरून कुलूपबंद आहे. पारखने आजवर फोनवरून जी माणसं सुखरूप ठरवली, त्यातल्या कुणाचीही खात्री मी आता देऊ शकत नाही. हा मजकूर किती वेळ राहील ते माहीत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

मंजिरी हिंगे यांचे नातेवाईक त्यांना शोधत आहेत. हा दावा ज्याने केला, त्या सुगत ओव्हाळला शोधणारं मात्र मला कुणी माहीत नाही. आज त्याने मला फोन करून आपलं म्हणणं मागे घेतलं. तो तोच होता का, हे ठरवायला माझ्याकडे काही नाही, कारण मी त्याला कधी भेटलेच नाही. व्हिडिओसोबत त्याने दिलेल्या पत्त्याप्रमाणे तो परभणीत बसस्थानकामागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानाच्या वर भाड्याने राहतो. दुकानाच्या बाजूला जिना आहे.

तुम्ही त्या बाजूचे असाल तर हे वाचून झाल्यावर लगेच जा. त्याला फोन करू नका, तो उचलेल. खिडकीतून दिवा दिसला म्हणून परत फिरू नका. जिना चढा, दार वाजवा, आणि कुणी उघडलंच, तर त्याचा हात हातात घेऊन बघा."